चौदा मोजेपर्यंत

आमचे घरमालक समोरच्याला त्याचं वाक्य पुरं करू देत नसत. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत चार वर्षं दोन महिने भाड्यानं राहिलो. त्यातला एक आठवडा मी वहीत रेघा ओढून मोजणी ठेवली होती. माझी त्रेचाळीस वाक्यं त्यांनी परस्पर संपवली, आणि मला जे म्हणायचं होतं ते त्यांत एकदाही आलं नाही.

"मालक, नळाला आज..."

"पानी लई जोरात हाय, व्हय."

पाणी आलेलंच नसे.

"मालक, मी उद्या गावाला..."

"जानार न्हाय. बरं केलं, ऊन लई हाय."

आणि मी हातात पिशवी घेऊन उभा असे.

सोलापुरात बाळीवेशीच्या आत त्यांचं किराणा दुकान होतं, दुकानामागे राहतं घर. बायका येत, "अर्धा किलो..." म्हणत, तोवर यांनी गूळ तराजूत टाकलेला असे. आलेली असे तूरडाळीला. निम्म्या बायका गूळ घेऊनच जात. गूळ काय, घरात लागतोच. जुनी गिऱ्हाइकं शहाणी झाली होती. ती घरून चिठ्ठी लिहून आणत आणि मुकाट्यानं पुढे करत. चिठ्ठीपुढे मात्र मालकांचा इलाज चालत नसे.

ते घाईचे नव्हते आणि उद्धटही नव्हते. खोड लागली होती ती त्यांच्या दुसऱ्या कामामुळे. गावातल्या एका हौशी नाटक मंडळीचे ते बावीस वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं, हातात नाटकाचं पुस्तक धरायचं आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द हळूच पुरवायचा. बावीस वर्षांत बावीस नाटकं झाली. त्यांतली सगळी पुरुषांची आणि बायकांची कामं त्यांना पाठ होती, आणि रंगमंचावर ते एकदाही आले नव्हते.

पुस्तक ते नावाला धरत. नजर असे ती नटाच्या गळ्यावर. "मानूस अडायच्या आदी त्याचा गळा हलतो बघा," ते मला सांगत. "गळा हलला की आपला शब्द तयार पायजे." त्यांचा शब्द इतका तयार असे की जे नट अडलेले नसत त्यांनाही तो मिळे. एरवी त्यांची बोली आपली सोलापुरी, घरात बायकोशी कानडी. पण विंगेतून आवाज यायचा तो अस्सल नाटकी मराठीत, एकही अक्षर न घसरता. त्या विंगा त्यांच्या डोक्यातून कधी गेल्याच नाहीत. रस्ता सांगायचा तरी ते "डाव्या विंगेत वळा" असं सांगत. बाळीवेशीतल्या टांगेवाल्यांनाही ते कळे.

एकदा मी त्यांना धीर करून विचारलं, की लोकांना बोलू का देत नाही. म्हणजे मी "मालक, तुम्ही लोकांना..." एवढं म्हणालो आणि सुदैवानं त्यांनी वेगळ्याच प्रश्नाचं जे उत्तर दिलं, ते माझ्या प्रश्नालाही लागू पडलं.

"मोजणीदार, दुनियेत कुनालाच आपलं वाक्य पाठ नसतंय. येक मानूस तरी पुस्तक धरून उभा पायजे का नको?"

मोजणीदार म्हणजे मी. मी गावाबाहेरच्या शेतकी संशोधन केंद्रात नोकरीला होतो. जमिनीत लोखंडी कडं ठोकायचं, त्यात पाणी ओतायचं आणि ते मुरायला किती सेकंद लागतात ते टिपायचं, हे माझं काम. त्यामुळे घड्याळ न बघता मनातल्या मनात सेकंद मोजायची मला सवय लागली होती. ती अजून आहे. फोन वाजला की मी मोजतो, दूध उतू जाताना मोजतो. घरातले लोक म्हणतात, मोजण्यापेक्षा गॅस बंद करा.

मालकांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. त्या कमी बोलत. दिवसातून दहा-बारा वेळा त्या नवऱ्याला एवढंच म्हणत, "सुम्न कूडरी." म्हणजे गप्प बसा. मालकांवर त्याचा परिणाम पाच मिनिटं टिके.

दुकानात गुळाच्या भेल्यांमागे एक लाकडी कपाट होतं. त्याच्या दाराला आतून त्यांनी प्रत्येक नाटकाचं हँडबिल खळीनं चिकटवलं होतं. प्रत्येकात वर नाटकाचं नाव, मग नटांची, मग दिग्दर्शकाची, रंगभूषेची, दिव्यांची, आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात "प्रॉम्प्टर" म्हणून यांचं नाव. बावीस हँडबिलं, बावीस नावं. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी ते कपाट उघडलं जाई.

मी सांगतोय ती गोष्ट मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या आणि आणीबाणी लागायच्या आधीच्या एका हिवाळ्यातली. मंडळी स्पर्धेत उतरत असे. आदल्या वर्षी परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं की या नाटकात सर्वांत स्पष्ट आवाज प्रॉम्प्टरचा होता आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. मालकांनी तो शेरा शाबासकी म्हणून घेतला. दिग्दर्शकानं घेतला नाही. दिग्दर्शक कॉलेजात शिकवणारा, तिशीचा माणूस. सगळे त्याला सर म्हणत. त्या वर्षी सरांनी ठरवलं की विंगेत प्रॉम्प्टर नको.

हे मालकांना तोंडी सांगायची कुणाची छाती झाली नाही. हँडबिल छापून आलं. मालकांनी दुकानात उभं राहून ते वरून खाली दोनदा वाचलं. मग उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी खळ आणली आणि ते तेविसावं हँडबिल कपाटात नेहमीच्या जागी, सरळ रेषेत चिकटवलं. त्या दिवशी एका बाईनं "अर्धा किलो..." म्हटलं आणि त्यांनी तिला डाळ दिली. तिला गूळ हवा होता.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सर माझ्या खोलीवर आले.

"तुम्हाला एक काम सांगायचंय. उद्या दिवसभर मालकांना नाट्यगृहापासून लांब ठेवा. सकाळी नेपथ्य लागतंय, दुपारी तालीम आहे. ते आले की विंगेत उभे राहणार."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी त्यांना चौथ्या रांगेत बसवा आणि तुम्ही शेजारी बसा. ते बोलले आणि परीक्षकांनी पुन्हा ऐकलं, तर आमची सहा महिन्यांची मेहनत गेली. मग मंडळीत त्यांचं नाव काढणंही अवघड होईल. मला ते नकोय. माझं पहिलं नाटक त्यांनीच सावरलंय."

"पण दिवसभर त्यांना कुठं नेऊ?"

"तुमच्याकडं तो सुदानचा मुलगा आलाय ना? त्याला गाव दाखवायला सांगा."

हा मुलगा म्हणजे हसन. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात शिकायला आलेला आणि ज्वारीचा अभ्यास करायला दोन महिने आमच्या केंद्रावर राहिलेला. उंच, सावकाश चालणारा. तीन वर्षं वसतिगृहात राहून मराठी शिकला होता आणि चांगली बोले. फक्त बोलताना मध्येच थांबून पुढचा शब्द शोधायची त्याला सवय होती. मालकांच्या दृष्टीनं असा माणूस म्हणजे पर्वणी.

मालकांना मी सगळं खरं सांगितलं, चिठ्ठीत लिहून, कारण मला खोटं बोलता येत नाही. त्यांनी ती वाचली.

"उद्या चौथ्या रांगेत बसून मी तोंड उघडलं, तर सिद्धरामाची शपथ हाय मला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन बापूला तिसऱ्या अंकात शब्द लागनार. दर येळी लागतो. त्याचं काय?"

बापू म्हणजे मुख्य नट. पोस्टात कामाला, आवाज खणखणीत, स्मरणशक्ती मध्यम.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आठला हसन आला. मालक कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून तयार होते.

"हसनराव, चला. आज किल्ला."

"किल्ला मी..."

"पाहिलेला न्हाई. ठावं हाय की. म्हनून तर निघालोय."

हसननं माझ्याकडे पाहिलं. मी टांगा थांबवत होतो. मालकांनी टांगेवाल्याला उजव्या विंगेनं घ्यायला सांगितलं आणि तो म्हणाला, "जी मालक, चौपाड के रास्ते से."

भुईकोट किल्ल्याच्या दारात मालकांनी चपला काढल्या. कुणी विचारलं नाही, पण विंगेत ते कधी चपला घालून उभे राहिले नव्हते, म्हणून असावं. आत जाताच त्यांनी इतिहास सुरू केला. सनावळ्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी किल्ल्यात फक्त प्रवेश होते.

"हितनं, डाव्या विंगेतनं सरदार येतो. घोड्यावर. घोडा पांढरा. तितं बुरुजावर किल्लेदार उभा. हा म्हनतो, दार उघड. तो काय म्हनतो? हसनराव, तुमी किल्लेदार. म्हना."

"मी..."

"मी जिवंत असेतो हे दार उघडणार नाही!" मालकांचा आवाज एकदम बदलला. बागेत बसलेली दोन माणसं उठून उभी राहिली.

त्या दिवशी संध्याकाळचं नाटकही अशाच एका किल्लेदाराचं होतं, त्यामुळे दर बुरुजावर ते त्या नाटकातला एकेक प्रवेश करून दाखवत होते. बुरूज किती आहेत ते मी मोजले. माझा आकडा आणि त्यांचा आकडा जमला नाही. ते म्हणाले, एक बुरूज तुमी मागनं बघितला, तो धरायचा नसतो.

तिथून तलाव, आणि तलावातल्या सिद्धेश्वराचं मंदिर.

"हे मंदिर मी..." हसन म्हणाला.

"आतनं बघायचंय. बघा की, कोन न्हाई म्हनतंय?"

"नाही, मागच्या रविवारी..."

"सुट्टी नव्हती तुमाला. मोजणीदारांच्या हापिसात सुट्टीचं लई वांधं. ह्या रविवारी हाय, झालं."

हसन हसला आणि आत गेला. त्याला सभ्यपणा शिकवलेला होता. मी हे सगळं ऐकत होतो आणि मलाही काही कळलं नाही, हे कबूल करतो. मी त्या वेळी दारापासून पायरीपर्यंतची पावलं मोजत होतो.

दुपारी घरी जेवायला आलो. अक्कांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी केली होती. हसननं भाकरी हातात घेऊन उजेडाकडे धरली. त्याच्या देशातही ज्वारीचीच भाकरी, पण कापडासारखी पातळ, असं तो सांगत होता. म्हणजे त्याला तसं सांगायचं होतं. "आमच्याकडे भाकरी इतकी..." "जाड नसते. चांगली नसते. खावा अजून," मालक म्हणाले. अक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं, "सुम्न कूडरी," म्हणाल्या आणि हसनपुढे परात सरकवली. हसननं पिठात बोटानं एक मोठा गोल काढला, मग दोन बोटं जवळजवळ चिकटवून जाडी दाखवली. अक्कांना कळलं. त्या दोघांचं एवढंच बोलणं झालं आणि दिवसभरात पुरं झालेलं हसनचं ते पहिलं वाक्य.

चार वाजल्यापासून मालकांचं लक्ष लागेना. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ते म्हणाले, "आता पडदा इस्त्री करत असतील." पाचला म्हणाले, "बापू आता चा पीत असंल. त्याला चा देऊ नये, घसा सुकतो." चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी त्यांनी हसनला त्या चौघांची गोष्ट सांगितली. ती मात्र नाटक न करता, साध्या आवाजात सांगितली. आणि मग म्हणाले, "चला. चौथी रांग."

साडेसहाला आम्ही बसलो. मध्ये मालक, डावीकडे मी, उजवीकडे हसन. बसण्याआधी त्यांनी बाहेरच्या टपरीवरून दुहेरी पान घेतलं आणि तोंडात भरलं. "भरल्या तोंडानं मानसाला बोलता येत न्हाई," हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यानंतर पडदा वर गेला.

बावीस वर्षांत त्यांनी नाटक समोरून कधी पाहिलं नव्हतं. बापू आला तेव्हा ते दचकले. मला वाटतं, बापूला तोंडही असतं आणि त्यावर भाव असतात हे त्यांना प्रथमच दिसत होतं. विंगेतून दिसतो तो कान आणि गळा. पहिला अंक बिनघोर गेला. दुसऱ्यात बापू एकदा चाचरला, मालकांचा गाल पानानं फुगला, पण बापूचं वाक्य त्याला सापडलं. मी मालकांच्या हातावर हात ठेवला.

तिसरा अंक. किल्ला वेढलेला. किल्लेदाराचा एकुलता मुलगा लढायला बाहेर गेलेला. तिन्हीसांजेची वेळ. किल्लेदार, म्हणजे बापू, हातात पागोटं घेऊन उभा. त्याची बायको येते आणि विचारते, "आपला गोविंदा परत येईल ना?"

यावर किल्लेदाराचं वाक्य होतं. तालमी शेजारच्या वाड्यात चालत, त्यामुळे भिंतीपलीकडून सहा महिने ऐकून मलासुद्धा ते पाठ झालं होतं. "रणांगणी गेलेल्या पुत्राची वाट मातेने पाहू नये, देवी, त्याच्या यशाची पाहावी." मग बायको म्हणते, "मग मी दिवा लावते," आणि जाते.

बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी प्रश्न विचारला. बापूनं तोंड उघडलं. काही आलं नाही.

मी मोजायला लागलो. ठरवून नाही, सवयीनं.

तीनला बापूनं डाव्या विंगेकडे पाहिलं. पाचला उजव्या. सहाला मालकांनी माझं मनगट धरलं. मी त्यांना धरायचं असं सरांशी ठरलं होतं, पण धरलं होतं त्यांनी मला, आणि चांगलंच. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा गळा हलत होता. वाक्य अगदी तिथे होतं. चौथ्या रांगेपासून बापूपर्यंत वीस फूट अंतर असेल, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज त्यांच्याकडे होता. नऊला ते खुर्चीतून चार बोटं उचलले गेले. मी काही केलं नाही. काय करायचं तेच मला सुचलं नाही. ते आपले आपणच परत बसले.

दहाला बापूनं हातातल्या पागोट्याकडे पाहिलं. मग तो हळूहळू, जसा माणूस गुडघे दुखत असताना बसतो तसा, पायरीवर बसला. बाई त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या. वाक्य येत नाही हे त्यांना उमगलं असावं.

चौदाला त्या म्हणाल्या, "मग मी दिवा लावते."

आणि गेल्या.

नाट्यगृहात कुणी हललं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मग दुसऱ्या कुणीतरी. हसन पुढच्या खुर्चीची पाठ धरून वाकून बसला होता.

मालकांनी रुमाल काढून पान त्यात घेतलं. "गेलं," ते माझ्या कानात म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कुजबुजणं खरोखर कुजबुजण्याइतकं होतं. "नाटक गेलं. येक शब्द, मोजणीदार. येक शब्द दिला असता तर उभं ऱ्हायलं असतं."

नाटक संपलं. बाहेर पडताना मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला सांगत होती, "तो काही बोलला असता ना, तर मला एवढं रडू आलं नसतं." मालक थांबले. लोकांचे धक्के खात तिथेच उभे राहिले. पुढे कॉलेजची दोन मुलं बापूसारखी पायरीवर बसून दाखवत होती. ते सगळं मालक ऐकत आणि बघत होते.

मागे रंगपटात गेलो तर बापू अर्धी मिशी काढून बसला होता.

"मालक, हुता कुटं तुमी? डाव्या विंगेत बगितलं, तितं पान्याचा माठ. उजव्या विंगेत बगितलं, तितं सर, डोळं मिटून. म्हटलं, आता बसावं. दुसरं काय करनार?"

"बेस बसलास," मालक म्हणाले.

घरी चालत निघालो. नाट्यगृहापासून घर माझ्या पावलांनी दोन हजार तीनशे. निम्मी पावलं मोजून झाली. मग हसन म्हणाला, "मालक, आज मी..."

मालकांनी तोंड उघडलं. आणि मिटलं. चालत राहिले. मी मोजत होतो. हसनलाही हे नवीन होतं. त्यानं दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, आता येईल म्हणून. अकराला त्याचा तो बोलला.

"आज मी किल्ला दुसऱ्यांदा पाहिला."

"दुसऱ्यांदा?"

"मंदिर पण. तलाव पण. मागच्या रविवारी मी सायकल घेऊन आलो होतो. सगळं पाहिलं होतं."

मालक रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"मग सकाळी बोललासा का न्हाई?"

"बोलत होतो," हसन म्हणाला.

मला हसू आवरेना. मालकांनाही आवरलं नाही. दिव्याच्या खांबाला धरून ते हसले. हसनला आपण काही वाईट बोललो की काय असं वाटून तो घाईनं सांगू लागला, आणि पुन्हा अडला. "पण मागच्या वेळी मला..." आम्ही दोघं थांबलो. "मागच्या वेळी मला घोडा दिसला नव्हता," तो म्हणाला.

घरी पोहोचल्यावर मालक ओट्यावर नुसते बसून राहिले. अक्का बाहेर आल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हे गप्पच. त्यांनी येऊन नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग मला विचारलं, "ह्यांनी बाहेर काय खाल्लं?"

आठ दिवसांनी निकाल लागला. नाटक पहिलं आलं, अभिनयाचं बक्षीस बापूला, आणि शेऱ्यात त्या न बोललेल्या वाक्याचा खास उल्लेख. मंडळी अंतिम फेरीला पुण्याला जाणार होती. दोन दिवसांनी सर दुकानात आले. चेहरा त्रासलेला.

"मालक, बापूला ते पुन्हा जमत नाहीये. वाक्य आता त्याला पाठ झालंय. एकदा तो तीन सेकंद थांबला आणि वाक्य म्हणून मोकळा झाला. एकदा इतका वेळ बसला की बाईंनी दिवा दोनदा लावला. त्या दिवशी नेमकं किती वेळ होतं ते कुणालाच सांगता येत नाही."

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "चौदा सेकंद," मी म्हणालो.

"मग कुणीतरी विंगेत उभं राहून चौदा मोजून त्याला हात दाखवायला हवा," सर म्हणाले आणि तराजूकडे बघत राहिले. "असा माणूस हवा की ज्याच्याकडे बघायची बापूला सवय आहे."

सरांचं वाक्य तिथे अडलं होतं. मालकांना पुढचा शब्द माहीत होता, मलाही माहीत होता. पण मालक तराजूच्या पारड्याखाली बोटं मोजत गप्प उभे राहिले. बिचाऱ्या सरांना ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं.

"तुम्ही याल का?"

"नाव छापनार का?"

"छापतो. पण काय म्हणून छापू? प्रॉम्प्टर तर नाही म्हणता येणार."

यावर बराच खल झाला. शेवटी मी सुचवलं की नुसतं "विंगेत" असं लिहा आणि पुढे नाव. तसं छापलं. चोविसावं हँडबिल.

पुण्याला जायच्या आधी ते आठ दिवस रोज संध्याकाळी माझ्याकडून मोजायला शिकले. त्यांचे सेकंद सुरुवातीला फार आखूड होते. चौदा म्हणून नऊच भरत. मी त्यांना आमच्या कड्यातलं पाणी मुरताना दाखवायला केंद्रावर नेलं. ते उकिडवे बसून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला कुनी शब्द द्यायचा नसतोय, व्हय?" पुण्यात मंडळी तिसरी आली. "मी चौदा बरोबर दिले," परत आल्यावर ते सांगत. "बापू बाराव्याला हलला. दोन सेकंदांत आमचा नंबर गेला."

दुकानातही त्यांनी हा प्रकार सुरू केला. "अर्धा किलो..." असं कुणी म्हटलं की ते तराजू धरून वाट बघत. बायकांना ते फार अवघड जाई. इतकी वर्षं बोलायची सवय सुटलेली. काही जणींना आपण कशाला आलो तेच आठवत नसे. एक म्हातारी घाम पुसत म्हणाली, "गूळच द्या की मालक, न्हेमीचा."

चिठ्ठ्या मात्र कमी झाल्या. हसन सुदानला परत गेल्यावर त्याचं एक पत्र आलं, मराठीत. मालकांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं आणि कपाटात हँडबिलांखाली चिकटवलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा ती खोली दोघांना लहान पडणार होती. मी होटगी रस्त्याला दोन खोल्या पाहून ठेवल्या. हे मालकांना सांगायचं महिनाभर राहून गेलं. शेवटी एका सकाळी दुकान उघडायच्या वेळी मी खाली गेलो. अक्का दारात रांगोळी काढत होत्या.

"मालक," मी म्हणालो, "मी आता..."

पुढचं मला येईना. ते फळ्या काढत होते, ते थांबले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. नजर माझ्या गळ्यावर होती. मी मनात मोजत होतो. तेही मोजत होते, हे मला त्यांच्या बोटांवरून दिसत होतं. सहा झाले. सात झाले. रांगोळी काढता काढता अक्कांनी मान वर केली. नऊ झाले.

"खोली सोडतोयसा," मालक म्हणाले. "कळलं. बसा, चा घ्या."

चौदा व्हायला अजून पाच बाकी होते. पण मी ते धरलं नाही. चार वर्षं दोन महिन्यांत त्यांनी माझ्या तोंडी घातलेलं ते पहिलं बरोबर वाक्य होतं.